तेच माग, वेगळा कारभार

कारखान्याचे उत्पादन वाढेना की मालक कामगारांकडे बोट दाखवतो आणि कामगार जुन्या यंत्रांकडे. वीज, रस्ते, भांडवल, कायदे यांचीही चर्चा होते. कारखान्याचा रोजचा कारभार कसा चालतो, हे मात्र क्वचितच तपासले जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि जागतिक बँक यांच्याशी संबंधित अर्थतज्ज्ञांनी २००८ पासून नेमके तेच केले, आणि तेही आपल्या तारापूरच्या व शेजारी गुजरातेतल्या उंबरगावच्या कापड कारखान्यांत. निकोलस ब्लूम आणि अप्रजित महाजन हे त्यांपैकी दोघे. त्यांनी १४ कारखान्यांना पाच महिने व्यवस्थापन सल्लागारांची मदत दिली. तुलनेसाठी घेतलेल्या ६ कारखान्यांत महिनाभराची पाहणी तेवढी झाली.

पाहणीत काय आढळले? सुताच्या गोण्या महिनोन्‌महिने पडून, कित्येकांवर नाव-नंबर नाही. सुटे भाग विखुरलेले. माग बंद पडला की मगच दुरुस्ती. कापडातले दोष कोणत्या मागावर आणि कशामुळे येतात, याचा माग कोणी पद्धतशीरपणे काढत नव्हते. ते दोष शोधण्यात आणि दुरुस्त करण्यात मात्र मनुष्यबळाचा सुमारे पाचवा हिस्सा खर्ची पडत होता. सल्लागारांनी ३८ साध्या पद्धती सुचवल्या: देखभालीचे वेळापत्रक, दोषांची रोजची नोंद आणि त्यावर बैठक, मालाची मोजदाद, कामाची स्पष्ट वाटणी, चांगल्या कामाला मोबदला. पहिल्याच वर्षात उत्पादकता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली.

ही वाढ कामगाराला पिळून मिळवली असेल, असा संशय येणे स्वाभाविक आहे. शिस्तीच्या नावाखाली पिळवणूक झाल्याचे आपण पाहिलेले आहे, त्यामुळे तो संशय झटकून टाकता येणार नाही. पण इथे बचत झाली ती वाया जाणाऱ्या सुताची, बंद मागांची आणि पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या कामाची. बेशिस्त कारखान्याची किंमतही अखेर कामगारच मोजतो. माग बिघडला तर बोलणी त्याला बसतात, सूत वेळेवर आले नाही तर पाळीच्या शेवटी धावपळ त्याची होते. दोषाची नोंद असेल तर दोष यंत्राचा, सुताचा की हाताचा, हे ठरवता येते. नोंद नसेल तर सुपरवायझरचा राग हाच पुरावा ठरतो. कामगाराचे म्हणणे ऐकणे हाही कारभाराचाच भाग आहे. बंगळुरूच्या तयार कपड्यांच्या उद्योगातल्या एका अभ्यासात, पगारवाढ अपेक्षेपेक्षा कमी निघाल्याने निराशा झाल्यानंतर ज्यांना त्यांचे मत विचारले गेले, त्यांच्यात नोकरी सोडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिले.

दुसरा आक्षेप असा, की हे इतके फायद्याचे होते तर मालकांनी आधीच का केले नाही? काही पद्धती त्यांना ठाऊक नव्हत्या, आणि ज्या ठाऊक होत्या त्यांनी आपला फायदा होईल असे त्यांना वाटत नव्हते. शिवाय निर्णय घराबाहेरच्या माणसावर सोपवायची तयारी नव्हती. या कंपन्यांचा आकार मालकाच्या कुटुंबात किती पुरुष आहेत यावरून बऱ्याच अंशी ओळखता येत होता, इतका विश्वास घरापुरता मर्यादित होता. अशा सुधारणा टिकत नाहीत, हा तिसरा आक्षेप अर्धा खरा आहे. काही वर्षांनी संशोधक परतले, तेव्हा स्वीकारलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. व्यवस्थापक बदलला किंवा मालकाला वेळ मिळेनासा झाला की त्या सुटत. तरीही मदत मिळालेले कारखाने इतरांच्या पुढेच होते, आणि काही पद्धती त्याच कंपन्यांच्या इतर कारखान्यांतही पोहोचल्या होत्या.

वीस कारखान्यांवरून साऱ्या उद्योगांचा निवाडा करता येणार नाही, हे मान्य. पण तेच माग आणि तेच कामगार असताना उत्पादन वाढू शकते, एवढे इथे सिद्ध झाले आहे. म्हणून उद्योजकांना माझी विनंती आहे: कामगाराला दोष देण्याआधी आपल्या नोंदवह्या उघडा, पाळीवरच्या माणसांना अडचण कुठे आहे ते विचारा, आणि जी बचत होईल तिच्यातला वाटा त्यांच्या पगारात दिसू द्या. चांगला कारभार ही मालकाची जबाबदारी आहे, आणि तो मिळणे हा कामगाराचा हक्क आहे.