औषधांची पारख

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सेक्रेटरीबाईंनी “आरोग्यावर काहीतरी बोला” असे सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा डॉक्टरी भाषा माझ्याकडून होणार नाही. आमच्या नात्यातल्या एका बाईंना स्तनाचा कॅन्सर झाला. मुंबईच्या इस्पितळात “औषधाच्या अभ्यासात भाग घ्याल का?” असे त्यांना विचारले, आणि घरात रडारड झाली. सासूबाई म्हणाल्या, “आमची सून काय उंदीर आहे?”

राग साहजिक आहे. पण हा प्रकार असतो कसा, ते ऐका.

स्तनाच्या कॅन्सरचा एक हट्टी प्रकार आहे, त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. एरवी ज्या तीन खुणा धरून गोळ्या वा इंजेक्शने लागू पडतात, त्या या गाठीत नसतातच. म्हणून मुख्य भिस्त केमोथेरपीवर. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१० ते २०२० या काळात अशा ७२० बायका अभ्यासात घेतल्या. कित्येकींचा रोग बराच वाढलेला होता. ऑपरेशनच्या आधी निम्म्यांना नेहमीची औषधे दिली; निम्म्यांना त्यांतच आठ आठवडे कार्बोप्लाटिनची जोड दिली. म्हणजे औषधावाचून कोणालाच ठेवले नव्हते. कोणाला काय द्यायचे हे डॉक्टर ठरवीत नाहीत, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते ठरते. मला हे आधी विचित्र वाटले. पण डॉक्टरांनीच निवड केली, तर धडधाकट बायका एका बाजूला जायच्या, आणि मग गुण औषधाचा की मूळ प्रकृतीचा, हे कसे कळावे?

डिसेंबर २०२२ मध्ये डॉ. सुदीप गुप्ता यांनी अमेरिकेत सॅन अँटोनिओ येथील परिषदेत निष्कर्ष मांडले. पन्नाशीपर्यंतच्या बायकांत, जोड मिळालेल्यांपैकी पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्या शंभरामागे सुमारे दहांनी अधिक निघाल्या. दहा घरांतली आई राहिली म्हणायची! पन्नाशीपुढे मात्र फरक दिसला नाही. आणि कार्बोप्लाटिन हे काही नवे महागडे औषध नव्हे, जुनेच आहे. जुन्या औषधाची अशी पारख करण्यात कंपन्यांना काय मिळणार? ती इस्पितळांनीच करावी लागते.

आता सहीचे. कागद मराठीतून वाचून घ्यावा. सही त्या बाईची स्वतःची लागते, नवऱ्याची चालत नाही. नाही म्हटले तरी नेहमीचे उपचार मिळतात, मधेच बाहेरही पडता येते.

आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. खेड्यापाड्यांतल्या कॅन्सरची नोंद तिथे १९८७ साली सुरू झाली. कोणा भगिनीला गाठ लागत असेल आणि घरी बोलायची चोरी असेल, तर चहापानानंतर मला बाजूला घ्यावे. एस.टी.ने सोबत येण्यास मी तयार आहे.