म्हातारी माणसे का पडतात?

श्रोतेहो, भीमाकाठचे वढू बुद्रुक हे आमचे गाव. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे ते तुम्हांला ठाऊक असेल. फाल्गुनी अमावास्येला तेथे लांबलांबची माणसे येतात. माझी चुलतीही त्या दिवशी न चुकता पायी समाधीला जाई. आम्ही तिला नानी म्हणत असू.

एके वर्षी ही नानी न्हाणीत पाय घसरून पडली. हाड काही मोडले नाही. पण घरातली सगळी माणसे घाबरली. "नानी, आता तू काही करायचं नाही, बसून राहा," असे मीच तिला बजावले. पाण्याचा तांब्यासुद्धा तिला बाजेवर हातात मिळू लागला. सहा महिन्यांत अशी पाळी आली की, बाजेवरून उठायला तिला कुणाचा तरी हात लागे. मग एके दिवशी ती कोरड्या, सपाट जमिनीवर पडली आणि खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर ती समाधीला गेली नाही. त्या दुसऱ्या पडण्यात आमच्या मायेचा वाटा होता, असे मला आज वाटते.

असे का व्हावे? वापर थांबला की पायांचे स्नायू झिजतात, आणि म्हातारपणी तर फार लवकर झिजतात. पडलेला माणूस पुन्हा पडण्याला भितो, भितो म्हणून चालत नाही, चालत नाही म्हणून पाय दुबळे होतात, आणि दुबळे पायच त्याला पुन्हा पाडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात, आणि त्यांत साठीपुढची माणसे सर्वांत जास्त असतात. तेव्हा "वय झालं, पडायचंच" असे म्हणून सोडून देण्याजोगी ही गोष्ट खास नाही.

आता घरच्या घरी पाहायचे कसे? आधी तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षात तुम्ही पडलात का? उभे राहताना, चालताना तोल जातो का? पडण्याची भीती वाटते का? एकालाही "हो" उत्तर आले, तर पुढची परीक्षा घ्या. खुर्चीपासून तीन मीटर, म्हणजे सुमारे दहा फुटांवर, खडूने रेघ मारा. आजोबांनी खुर्चीवरून उठावे, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जावे, वळावे, परत येऊन बसावे. काठी घेत असतील तर काठी असू द्या. एका मोठ्या माणसाने मात्र जवळ राहावे. घड्याळात १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी तोल जातो. झोपून उठताना रक्तदाब एकदम उतरतो का, मोतीबिंदू आहे का, मधुमेहाने तळपाय बधिर झाले आहेत का, हेही तपासून घ्यावे. आपल्या मनाने मात्र कुठलीही गोळी बंद करू नये.

घरातली कामे तर फार थोड्या खर्चाची आहेत. न्हाणीतले शेवाळ घासून काढा, आणि भिंतीला धरायला पक्का दांडा बसवा. उंबऱ्यावर पांढरा पट्टा ओढा, म्हणजे तो अंधूक डोळ्यांनाही दिसेल. रात्री वाटेवर दिवा असू द्या. झिजलेल्या, सैल चपला टाकून द्या. काठीला खाली रबरी टोपी हवी. हात सरळ सोडला असता काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी, आणि काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पायांना काम द्या. ओट्याला धरून टाचा उचलणे, खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून दहा सेकंद उभे राहणे. रोज थोडे थोडे, आधार जवळ ठेवून करावे.

आणि इतके करूनही कुणी पडलेच, तर ओढून उभे करू नका. खुब्यात कळ येत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर हलवू नका, चोळूही नका. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

शिक्षक बंधु-भगिनींनो, तुम्हांला माझी एक विनंती आहे. सेकंद मोजणे आणि मीटर मापणे मुलांना शिकवता, तेव्हा हीच परीक्षा आईवडिलांना बरोबर घेऊन आजी-आजोबांची करून यायला सांगा. गणित होईल, आणि घरोघरचा धोकाही आधी कळेल.

आणि श्रोतेहो, तुमच्या घरची नानी उद्या उठून पाणी घ्यायला निघाली, तर तिला बसवू नका. वाट कोरडी आहे ना तेवढे पाहा, आणि तिच्याबरोबर चार पावले चाला.