परसातील पालेभाजी आणि रुग्णाचे ताट

(वार्षिक सभेत आहारविभागाच्या वतीने करण्यात आलेल्या भाषणाचा लिखित पाठ)



रुग्णाला घरी सोडतेवेळी आमच्या आहारविभागाकडे एक प्रश्न हमखास येतो : रक्त वाढावयास काय द्यावे? अलीकडे त्याला दुसराही जोडला जातो : भाजी सेंद्रियच आणावी काय? या दोन प्रश्नांविषयी काही निवेदन करण्याची अनुज्ञा असावी.

पहिल्या प्रश्नामागील वास्तव गंभीर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. अशा स्त्रीला प्रसूतीच्या वेळी थोडा अधिक रक्तस्राव झाला, तर तो सोसण्याचे बळ तिच्या अंगी नसते. मात्र हा रक्तक्षय केवळ पालेभाजीने भरून निघेल, असा समज कृपया करून घेऊ नये. भाजीतील लोह शरीरात अल्प प्रमाणातच शोषले जाते. म्हणून गर्भवतीने लोह व फॉलिक आम्लाची गोळी वैद्यकीय सल्ल्यानुसार किमान १८० दिवस घ्यावयाचीच आहे. भाजी ही तिच्या जोडीला. भाजीवर लिंबू पिळल्यास लोहाचे शोषण वाढते, जेवणाबरोबर चहा घेतल्यास घटते. जेवण आटोपते न आटोपते तोच चहाचा आग्रह करण्याची आपल्याकडील रीत या कारणास्तव आम्हांस मुळीच मान्य नाही.

आता सेंद्रिय भाजीविषयी. कीटकनाशकांची भीती निराधार नाही. मोनोक्रोटोफॉस या जहाल औषधाचा भाज्यांवरील वापर आपल्या देशात २००५ साली बंद करण्यात आला, यावरून विषयाचे गांभीर्य ध्यानी यावे. वेष्टनावर ‘जैविक भारत’ ही मुद्रा असल्यास प्रमाणीकरणाची खूण मिळते. परंतु महागडी सेंद्रिय जुडी आठवड्यातून एकदा आणि एरवी ताटात पाने नाहीत, त्यापेक्षा जवळच्या शेतकऱ्याकडची त्याच सकाळी खुडलेली साधी मेथी, माठ वा चाकवत रोज खाणे आम्हांस केव्हाही श्रेयस्कर वाटते. पालेभाजी शिळी होते तसतसे तिच्यातील ‘क’ जीवनसत्त्व घटत जाते. चिरून मग धुतल्यास ते पाण्याबरोबर वाहून जाते.

धुण्याचा मुद्दा मात्र आम्ही आग्रहाने मांडतो. सांडपाण्यावर वाढलेल्या भाजीवर पट्टकृमीची अंडी असू शकतात. ती पोटात गेल्यास कृमीची पिले मेंदूपर्यंत पोहोचतात आणि झटके येतात. पूर्णतः शाकाहारी माणसालाही हा विकार होतो, हे ऐकून अनेक कुटुंबे चकित होतात. शेतात शेणखत होते की रासायनिक खत, याने येथे काहीच फरक पडत नाही. पान न् पान वाहत्या पाण्याखाली धुवावे आणि भाजी शिजवूनच खावी.

स्वतःच्या हाताने लावलेल्या भाजीचे पाणी व खत आपणांस ठाऊक असते, हा तिचा मोठा गुण. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून पालापाचोळा व स्वयंपाकघरातील ओला कचरा यांपासून माती घडवून थोड्या जागेत भाजी पिकविण्याची दृष्टी महाराष्ट्राला दिली. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. परसबागेचे मोल शेतकरी स्त्रीने जाणले होतेच, ते दिल्लीने उशिरा जाणले इतकेच. चाळीतील खिडकीतही मेथी येते. स्वयंपाकघरातलेच मेथीदाणे रात्रभर भिजवावे, तळाला भोके पाडलेल्या वीतभर खोल खोक्यात दाट पेरावे. तीन-चार आठवड्यांत भाजी काढता येते. मायाळूचा देठ खोचला तरी वेल चढतो. पुदिन्याबद्दल सांगावयास नको. चार-पाच तास ऊन मात्र हवे, आणि गच्चीवर वाफे करण्यापूर्वी गळतीचा विचार व्हावा, अन्यथा खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांशी संबंध बिघडतात!

दोन प्रकारच्या रुग्णांच्या नातेवाइकांनी आमचे म्हणणे जपून ऐकावे. मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्यांना पालेभाजीतील पोटॅशियम अपायकारक ठरू शकते. त्यांनी प्रमाण विचारूनच घ्यावे. हृदयात कृत्रिम झडप बसविल्यामुळे रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी सोडूही नये आणि एकाएकी वाढवूही नये. तिच्यातील ‘के’ जीवनसत्त्व या औषधाच्या विरुद्ध कार्य करते, म्हणून दर आठवड्याचे प्रमाण सारखे असावे. परसातली मेथी एकदम भरपूर आली, तर ती अशा रुग्णाच्या ताटात न वाढता शेजारी वाटावी.

रुग्णालयाच्या आवारातील शेवग्याची छाटणी पावसाच्या तोंडावर होते. त्याची हातभर लांबीची फांदी जमिनीत रोवली की फुटते आणि तिच्या पाल्याची भाजी होते. ज्यांच्या अंगणात जागा आहे त्यांनी आहारविभागात आपले नाव नोंदवून ठेवावे. फांद्या विनामूल्य दिल्या जातील.