पुण्याच्या पेठा आणि आपल्या वाड्या

(कुडपण, ता. पोलादपूर येथे ग्रामस्थ, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणातील प्रमुख भाग)



आपल्या डोंगरी गावांतून मुलगा किंवा मुलगी शिकण्यासाठी पुण्यास निघाली, की वडीलधारी मंडळी आधी विचारतात, "राहणार कोठे?" कॉलेजची चौकशी त्यानंतर होते. हा प्रश्न रास्तच आहे, कारण माणूस वर्गात जितका घडतो, तितकाच वस्तीतही घडतो.

पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले आणि २०१४ साली त्यास सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. ज्या शहरात ते उभे आहे, ते मात्र एकजिनसी नाही. कसबा ही त्याची मूळ वस्ती. तेथील तांबट आळी तांब्यापितळेच्या कारागिरांची. रविवार पेठ व्यापाऱ्यांची, भवानी पेठ घाऊक मालाची व लाकडाच्या वखारींची. सदाशिव, नारायण व शनिवार या पेठांत शास्त्री, कारकून व शिक्षक यांची घरे. येथेच गरीब विद्यार्थी वार लावून जेवत आणि शिकत. ही रीत उदार खरी. परंतु वार मिळे तो बहुधा जातीच्या ओळखीवर. ज्याला तशी ओळख नव्हती, त्याला त्या पेठेचे दार बंदच होते.

हे दार उघडण्याचे कामही याच शहरात झाले. १८४८ साली बुधवार पेठेतील भिडे वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. १८६८ साली गंज पेठेतील आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांनी अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुला केला. आज ती पेठ महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. वस्तीचा स्वभाव हा दैवाचा लेख नव्हे; पाणी आणि शाळा कोणासाठी, या निर्णयातून तो घडतो आणि बदलतोही.

लकडी पुलापलीकडे फर्ग्युसन महाविद्यालय व डेक्कन जिमखाना यांच्या भोवती बंगल्यांची नवी वस्ती वाढली. पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील असंख्य कुटुंबे एका दिवसात उघड्यावर आली. त्यांच्यासाठी शहराच्या कडेला वसाहती उभ्या राहिल्या. गोखलेनगर ही त्यांपैकी एक. घरे मिळाली, परंतु जुना शेजार विखुरला. शेजार पुन्हा जुळण्यास भिंती उभारण्याहून अधिक काळ लागतो.

ही गोष्ट आपणांस दूरची वाटू नये. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. डोंगराच्या कुशीतील वाडी सुरक्षित जागी हलविण्याचा प्रश्न आज ना उद्या अनेक ग्रामपंचायतींपुढे येणार आहे.

त्या वेळी केवळ घरांची संख्या मोजून भागणार नाही. पाणी, शाळा व अंगणवाडी यांच्या जागा आधी ठरवाव्यात. एका वाडीची माणसे शक्य तो शेजारी राहतील, असे पाहावे. आणि कोणत्याही समाजाची घरे गावकुसाच्या टोकास ढकलली जाणार नाहीत, याची ग्रामसभेने खातरजमा करावी. आराखडा कागदावर असतानाच हे साधते. पाया भरल्यावर नव्हे.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. पुण्यात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींकडून शासकीय वसतिगृहे, खाणावळी व कॉट बेसिसवर मिळणाऱ्या खोल्या यांची माहिती दरवर्षी मागवून शाळेत ठेवावी. पूर्वी ज्याची ओळख, त्यालाच वार मिळे. आता ओळखीवाचून कोणाचे शिक्षण अडू नये, एवढी तजवीज गावाला निश्चितच करता येईल.