राखणदाराची राखण

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील पंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांच्यापुढे दिलेले भाषण)



‘पाळीव प्राण्यांची रोगप्रतिकारशक्ती आणि जनुके’ हा आजच्या भाषणाचा विषय वाचून आपणांपैकी काहींच्या मनात प्रश्न आला असेल की, हे प्रयोगशाळेतले प्रकरण ग्रामपंचायतीच्या दारी कशासाठी? खरे सांगायचे तर प्रथम माझ्याही मनात तोच प्रश्न आला होता. मी पशुवैद्य नव्हे. माझे शिक्षण कला शाखेचे आणि व्यवसाय माहिती पोहोचविण्याचा. परंतु तज्ज्ञांशी बोलताना व त्यांचे लेखन वाचताना माझी खात्री झाली की, या विषयाचा एक धागा थेट आपल्या अंगणापर्यंत, अंगणात बसलेल्या कुत्र्यापर्यंत आणि त्याच्याशी खेळणाऱ्या आपल्या मुलापर्यंत येऊन पोहोचतो.

खानदेशाला या विषयाचा धडा अलीकडेच मिळालेला आहे. ४ ऑगस्ट २०२२ रोजी रावेर तालुक्यातील चिनावल येथे लम्पी त्वचारोगाची बाधा आढळली. त्या वर्षीच्या साथीतील राज्यातली ती पहिली नोंद होय. पाहता पाहता रोग अनेक जिल्ह्यांत पसरला, गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले आणि ऐन पोळ्याच्या सुमारास शेतकऱ्याच्या गोठ्यावर चिंतेचे सावट आले. त्या संकटात उपयोगी पडली ती शेळ्यांच्या देवीची लस. शेळीची लस गाईला कशी चालते, असा प्रश्न त्या वेळी गावोगावी विचारला गेला. याचे उत्तर असे की, हे दोन्ही विषाणू एकाच कुळातले, चेहऱ्यामोहऱ्याने सारखे. एकाची ओळख पटलेले शरीर दुसऱ्यालाही ओळखते. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यातील गोवंशाची संख्या सुमारे १ कोटी ४० लाख आहे. एवढ्या मोठ्या पशुधनाच्या लसीकरणाची मोहीम शासनाने हाती घेतली आणि ग्रामपंचायतींनी तिला हात दिला. ओळख आणि आठवण हेच रोगप्रतिकारशक्तीचे मर्म आहे. आज आपल्याला विचार करावयाचा आहे तो गोठ्यातील गुरांइतकाच जवळच्या, पण लसीकरणाच्या बाबतीत मागे राहिलेल्या दारच्या कुत्र्याचा.

दप्तर आणि नक्कल

जनुक म्हणजे काय, हे समजण्यासाठी जुने तलाठी दप्तर डोळ्यांसमोर आणावे. त्यात साऱ्या गावाच्या नोंदी बांधून ठेवलेल्या असत. परंतु कोणी अर्ज केला म्हणजे सबंध दप्तर कोणी त्याच्या हाती देत नसे. हव्या त्या नोंदीची तेवढी नक्कल काढून दिली जाई. मूळ नोंद जागेवर राही आणि काम नकलेवर चाले.

शरीरातील प्रत्येक पेशीत असेच एक दप्तर असते. कुत्र्याच्या दप्तराचे ३९ गठ्ठे आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या दोन प्रती असतात. त्यांना गुणसूत्रांच्या ३९ जोड्या म्हणतात. माणसाच्या २३ असतात. ताशा नावाच्या एका बॉक्सर जातीच्या कुत्रीचे हे दप्तर शास्त्रज्ञांनी वाचून काढले व २००५ साली ते प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे २४० कोटी अक्षरे असून जनुकांची, म्हणजेच नोंदींची संख्या वीस हजारांच्या आसपास आहे. कातडीची पेशी असो वा मेंदूची, दप्तर तेच. फरक असतो तो कोणत्या नोंदीची नक्कल निघते यात. नोंद वाचली जाऊन तिची नक्कल निघणे व तिच्याबरहुकूम काम सुरू होणे, यालाच शास्त्रज्ञ ‘जनुकीय अभिव्यक्ती’ म्हणतात.

शरीरात विषाणू शिरला की एरवी मिटलेल्या काही नोंदी तातडीने उघडल्या जातात. बाधा झालेली पेशी ‘इंटरफेरॉन’ नावाचे द्रव्य सोडते. पूर्वी गावावर संकट आले म्हणजे कोतवाल दवंडी देई, तशीच ही दवंडी. ती ऐकून शेजारच्या पेशी आपापली दारे लावून घेतात आणि रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात. काही दिवसांनी त्या विशिष्ट शत्रूला नेमके पकडणारी प्रतिपिंडे तयार होतात. लढाई संपली तरी काही पेशी त्या शत्रूची आठवण जपून ठेवतात. लसीकरण म्हणजे खऱ्या शत्रूच्या आधी त्याचे निरुपद्रवी रूप दाखवून ही आठवण करून देणे होय.

आज संशोधक प्राण्याच्या रक्ताचा नमुना लस टोचण्यापूर्वी व नंतर घेतात आणि कोणत्या नोंदींच्या किती नकला निघाल्या ते मोजतात. लस कोणाला लागू पडली, कोणाला नाही आणि का, हे त्यावरून कळू लागले आहे. कुत्रा आपल्याच घरात राहतो, आपल्याच ताटातले उष्टे खातो आणि माणसाप्रमाणेच त्यालाही कर्करोग, मधुमेह व त्वचेचे विकार होतात. त्यामुळे त्याच्या अभ्यासातून माणसाच्या आजारांवरही प्रकाश पडतो. माणूस, जनावर आणि परिसर यांचे आरोग्य एकच, हा विचार आता सर्वत्र मान्य होत आहे. या विचारावर आधारलेल्या राष्ट्रीय संस्थेची कोनशिला ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर येथे बसविण्यात आली.

दवंडी दाबणारा शत्रू

एवढी चोख व्यवस्था असताना रेबीजने, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाने, प्राणी वाचत का नाही? याचे उत्तर या संशोधनातच सापडते.

रेबीजचा विषाणू चाव्यातील लाळेवाटे मांसात शिरतो व तेथून मज्जातंतूत प्रवेश करतो. रक्ताचा हमरस्ता तो टाळतो आणि मज्जातंतूच्या आडवाटेने मेंदूकडे सरकतो. वाटेत दवंडी होऊ नये याची तो काळजी घेतो. त्याच्याजवळचे एक प्रथिन इंटरफेरॉनच्या नोंदी उघडण्याच्या कामातच अडथळा आणते. कोतवालाचे तोंड दाबून गावात शिरणारा हा दरोडेखोर होय. शरीराला जाग येईतो तो मेंदूत पोहोचलेला असतो. लक्षणे दिसू लागल्यावर मग माणूस असो वा जनावर, मृत्यू जवळजवळ अटळ ठरतो.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, या रोगात शरीर आपण होऊन वेळेवर शिकत नाही. त्याला आधीच शिकवून ठेवावे लागते. दुसरी गोष्ट आशेची आहे. विषाणूचा हा प्रवास सावकाश, बहुधा काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा असतो. म्हणून चाव्यानंतर लगेच माणसाला दिलेली लस विषाणूच्या आधी पोहोचू शकते. लुई पाश्चर यांनी १८८५ साली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला वाचविले ते याच अवधीचा लाभ घेऊन.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या रोगाने जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे दगावतात आणि त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू भारतात होतात. माणसांना होणाऱ्या बाधेपैकी ९९ टक्के बाधा कुत्र्यांपासून होते. संशयित प्राणी चावलेल्यांत दहांपैकी चार जण १५ वर्षांखालील मुले असतात. शिक्षकांनी हा आकडा विशेष लक्षात ठेवावा. मूल चावा लपवते. मार मिळेल किंवा लाडके पिल्लू कोणी हाकलून देईल, अशी भीती त्याला वाटते.

आईचा चीक आणि लसीची वेळ

पिल्लाला पहिल्या दिवसाच्या चिकातून आईची प्रतिपिंडे मिळतात. ही उसनी शिदोरी काही आठवडे पुरते. तिची गंमत अशी की, ती असेपर्यंत रोगाबरोबर लसही निकामी होऊ शकते आणि ती संपताच पिल्लू उघडे पडते. शिदोरी नेमकी कधी संपेल हे पिल्लागणिक वेगळे. म्हणून डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सोळा आठवड्यांपर्यंत काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा देतात. रेबीजची लस सर्वसाधारणपणे तिसऱ्या महिन्यात देऊन पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी देतात. मात्र गावात सामुदायिक मोहीम निघाली असता लहान पिल्लांना वगळू नये, असेच तज्ज्ञांचे मत आहे.

लस दिली म्हणजे काम झाले, असेही नव्हे. जंतांनी पोखरलेल्या, उपाशी जनावराचे शरीर धडा नीट शिकत नाही. दुसरी अडचण आपल्या उन्हाची. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहिली पाहिजे. जळगाव-भुसावळकडचा वैशाख ज्याने अनुभवला आहे, त्याला मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेल्या बाटलीचे काय होईल हे सांगावयास नको. बर्फपेटीवाचून आलेली लस ही केवळ मनाची समजूत ठरेल. उलट काही लसी गोठल्यानेही निकामी होतात. तेव्हा बाटली बर्फावर उघडी ठेवणेही योग्य नाही.

दहांतील सात

गावातील प्रत्येक कुत्रे हाती लागेल, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. परंतु दहांपैकी सात कुत्र्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती असली तर विषाणूला पुढचे घर सापडत नाही आणि साखळी तुटते. हे ७० टक्क्यांचे प्रमाण जगभरच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे. मात्र जुनी कुत्री मरतात, नवी जन्मतात. म्हणून हे काम दरसाल करावे लागते. कुत्री मारून हा प्रश्न सुटत नाही. रिकाम्या जागी दुसरी कुत्री येतात आणि ती लस न टोचलेली असतात.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत या कामाला भूगोलाचाही विचार करावा लागेल. चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर कुत्र्यांचा कोल्ह्या-लांडग्यांशी सामना होतो व रोग रानातून गावात, गावातून रानात जाऊ शकतो. साक्री तालुक्यातील ठेलारी बांधव मेंढरे, घोडी आणि कुत्री घेऊन वर्षातील मोठा काळ भटकंतीवर असतात. त्यांचा मुक्काम गावी असतानाच लसीकरणाची तारीख धरली तर काम होईल. कागदावरील सोयीची तारीख तेथे उपयोगाची नाही.

शेतकरी बांधवांसाठी एक सूचना मला आग्रहाने करावयाची आहे. बैल किंवा गाय लाळ गाळू लागली, तिला गिळता येईनासे झाले, की घशात काही अडकले असे समजून आपण तिच्या तोंडात हात घालतो. पिसाळलेले कुत्रे चावलेल्या गुराचीही लक्षणे अशीच असतात. तेव्हा हात घालण्यापूर्वी पशुवैद्यकाला बोलवावे.

एक अनुभव

दौऱ्यावर असताना एका जिल्हा परिषद शाळेत मी एक साधी गोष्ट पाहिली. हातपंपाजवळ दोरीला साबणाची वडी टांगलेली होती. मी कारण विचारले. गुरुजी म्हणाले, “साहेब, मागे एका पोराला कुत्रं चावलं. घरच्यांनी जखमेत तिखट भरलं आणि सकाळी बघू म्हणाले. मी जखम धुतली आणि पोराला सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. तेव्हापासून ही वडी इथंच असते.” तो मुलगा त्या दिवशी वर्गात होता. लसीची सर्व इंजेक्शने त्याने पूर्ण केली होती आणि दंडावरील खुणा तो इतरांना अभिमानाने दाखवीत होता. प्रयोगशाळेतील दीर्घ संशोधनाचे सार मला त्या साबणाच्या वडीत दिसले.

चावा लागताच जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद काही भरू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे आणि डॉक्टरांनी दिलेली एकही तारीख चुकवू नये. जखम खोल असल्यास जखमेत द्यावयाच्या सीरमबद्दल विचारावे. कुत्रे घरचे आहे, बरे दिसते, या भरवशावर थांबू नये. लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीही लाळेत विषाणू असू शकतो. म्हणून कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, पण माणसाच्या उपचाराला तोवर खोळंबा करू नये.

आपले कर्तव्य

कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीजचे २०३० पर्यंत उच्चाटन करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२१ साली जाहीर झाला आहे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण यांची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. तेव्हा प्रत्येक ग्रामपंचायतीने गावातील कुत्र्यांची गणती करावी, पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून लसीकरणाचा दिवस ठरवावा आणि टोचलेल्या कुत्र्यांची नोंद ठेवावी. शाळांनी २८ सप्टेंबरचा जागतिक रेबीज दिन या कामी लावावा. तो पाश्चर यांचा स्मृतिदिन आहे.

हे होईल का, अशी शंका कोणी घेऊ नये. एके काळी बुळकांड्या रोगाने गावेच्या गावे बैलांवाचून ओस पडत. पिढ्यान् पिढ्या लसीकरण झाले, २००६ साली भारत त्या रोगापासून मुक्त ठरला व २०११ साली सारे जग. आजच्या तरुण शेतकऱ्याला त्या रोगाचे नावही ठाऊक नाही. रेबीजचे नावही आपल्या नातवंडांना असेच अपरिचित व्हावे.

रात्रभर जागून आपले दार राखणाऱ्या मुक्या प्राण्याला शत्रूची ओळख करून द्यावयाची आहे. ती ओळख त्याचे शरीर आपण होऊन वेळेत करून घेऊ शकत नाही. ते काम माणसानेच करावयाचे आहे, आणि त्यात माणसाच्या लेकराचेच रक्षण आहे.