कोणी सांगितले?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो 'महाविद्यालयातील विद्यार्थिनी आणि माहिती' हा. मी म्हटले, मी काही वक्ता नव्हे. माझे आयुष्य ग्रंथालयाच्या मेजामागे गेले. त्या म्हणाल्या, मेजामागून जे पाहिले तेच सांगा. तेव्हा तेच सांगते. पण आधी माझी स्वतःची एक फजिती ऐका.

बी. ए. ला असताना मला राणी हिराईवर निबंध लिहायचा होता. चंद्रपूरच्या माणसाला हिराई कोण हे सांगावे लागत नाही. चैत्रात महाकालीच्या यात्रेला गेले की तिचे नाव कानी येतेच, आणि अचलेश्वराजवळ तिने बांधविलेली वीरशहाची समाधी तर आपण येता-जाता पाहतो. मी तीन पुस्तके मिळविली. तिन्हींत हकीकत एकच. मी मोठ्या डौलाने लिहिले, 'याविषयी सर्व इतिहासकारांचे एकमत आहे.' आमच्या प्राध्यापकांनी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि बाजूला दोनच शब्द लिहिले : 'कोणी सांगितले?'

मला राग आला. परंतु त्या रागाच्या भरातच मी आयुष्यात प्रथम तळटीपा वाचल्या. तिसऱ्या पुस्तकाचा आधार दुसरे, दुसऱ्याचा आधार पहिले, पहिल्याचा १९०९ चे चांदा जिल्ह्याचे गॅझेटियर. आणि गॅझेटियरने गोंड राजांच्या हकिकतीसाठी धरलेला हात मेजर ल्यूसी स्मिथ यांच्या १८६९ च्या जमाबंदी अहवालाचा. (ल्यूसी हे नाव वाचून मी कोणी विदुषी आंग्ल बाई समजले होते, ते निघाले मिशावाले म्हणावे असे लष्करी गृहस्थ!) म्हणजे माझे साक्षीदार तीन नव्हतेच. एकच साक्षीदार तीनदा बोलला होता, आणि तोही हिराई जाऊन कितीतरी पिढ्या उलटल्यावर. त्यांनी लिहिले ते खोटे, असे मी म्हणत नाही. पण 'सर्वांचे एकमत' हे शब्द मी खोडले, ते आजतागायत पुन्हा लिहिले नाहीत.

आता त्या मुलीची गोष्ट. काही वर्षांपूर्वी धानोऱ्याकडच्या एका खेड्यातली मुलगी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. घरातून महाविद्यालयात पोहोचलेली ती पहिलीच. हातात मोबाईल, डोळ्यांत पाणी. म्हणाली, 'बाई, आमच्या गावाचे जुने कागद कोठेच नाहीत. मी सगळे शोधले.' तिने 'गडचिरोली जिल्हा' असे घालून शोधले होते. मी विचारले, 'अगं, गडचिरोली जिल्हा झाला कधी?' तो झाला १९८२ च्या ऑगस्टमध्ये. त्याआधी सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात. आणि चंद्रपूर हे नाव १९६४ चे, त्याआधी चांदा. शिवाय १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात, म्हणून कागद मराठीत असतील तसेच हिंदीत आणि इंग्रजीतही. सासरी गेलेल्या मुलीला माहेरच्या नावाने हाक मारल्यावाचून जुनी ओळख लागत नाही, तसे हे. 'चांदा' म्हणून शोधताच दारे उघडू लागली.

तिला कागद कशाला हवे होते? परीक्षेसाठी नव्हे. २००६ चा वनहक्क कायदा आपण ऐकला असेल. जे जंगल गाव पिढ्यानुपिढ्या राखीत आणि वापरीत आले, त्यावर ग्रामसभेला सामूहिक हक्क मागता येतो. तिच्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. ते गाव फार पूर्वीपासून अभ्यासगट चालवी : आधी बसून विषय समजून घ्यावयाचा, मग ग्रामसभेत निर्णय. पण मागणीला पुरावा लागतो. २००८ च्या नियमांत पुराव्यांची यादी आहे. तीत गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल, नकाशे आहेत. निस्ताराच्या नोंदी आहेत. निस्तार म्हणजे गावाने रानातून सरपण, गवत, बांबू, मोहफुले नेण्याची वहिवाट, हे येथे कोणास सांगायला नको. आणि त्याच यादीत, मांडीला मांडी लावून, गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही आहे. मात्र तो वडीलधारा मागणी करणारा स्वतः असता कामा नये.

हे वाचून ती मुलगी थबकलीच. तिला वाटे, माहिती म्हणजे छापील असते तीच. शेजारघरची म्हातारी बोलते त्याला कोण विचारतो?

येथे थोडे विषयांतर करते. १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकीय नियतकालिकात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील साडेसहाशे स्त्रियांच्या तपासणीचा लेख आला. शेकडा ९२ जणींना स्त्रीरोग होते. आणि आधी कधी तपासणी झालेल्या अवघ्या शेकडा ८. तोवर पुस्तकात हा आकडा नव्हता. दुखणे मात्र होतेच. बायकांना कोणी विचारले नव्हते, एवढेच. म्हणून कागदात नाही ते नाहीच, असे मुलींनी कधी धरू नये.

तर ती गावी गेली आणि आठवड्याने वही घेऊन आली. वहीत लिहिलेले : 'हे जंगल फार पूर्वीपासून आमचे आहे.' आता रेघ मारायची पाळी माझी होती. 'फार पूर्वी म्हणजे केव्हा? कोणती वाट, कोणता नाला? तेंदूपाने कोठे तोडता, देव कोठे बसतो?' बिचारी पुन्हा गेली. या खेपेस म्हातारीला घरी बसवून न विचारता तिच्याबरोबर रानात फिरली. म्हातारी चालू लागली आणि प्रत्येक झाडापाशी बोलू लागली. लग्न होऊन आली त्या साली कोणत्या पाणवठ्यावर मासे धरले, हेसुद्धा.

तिसऱ्या खेपेस मुलगी आली ती पडलेल्या तोंडाने. उत्तरेकडची टेकडी आपल्या गावाची म्हणून गावातल्या पुरुषांनी नकाशात घेतली होती. म्हातारी म्हणाली, 'ती टेकडी आपली नाही. तिथला मोहा पलीकडच्या गावच्या बायका वेचत. आम्ही विचारून जात होतो.' पलीकडच्या गावच्या दोघी वृद्धांनीही तेच सांगितले. 'बाई, हे लिहू की गाळू?' तिने विचारले. गाळले असते तर कोणाला कळलेही नसते. मी काहीच बोलले नाही. माझ्या निबंधाची गोष्ट तेवढी तिला सांगितली.

वनहक्क समितीत एक तृतीयांश तरी स्त्रिया असाव्या लागतात. त्या स्त्रियांपुढे तिने वही वाचली, टेकडीसकट. दोन रात्री वाद झाला. घरच्यांनी अबोला धरला. शिकून गावाचे नुकसान करतेस, असेही ऐकावे लागले. शेवटी टेकडी नकाशातून निघाली. मग पलीकडच्या गावची माणसे आपण होऊन आली आणि बाकीच्या हद्दीवर, 'होय, ही यांचीच,' म्हणून अंगठे-सह्या देऊन गेली.

ती वही तिने मला दाखविली तेव्हा प्रत्येक ओळीपुढे समासात बारीक अक्षरांत लिहिलेले होते, हे कोणी सांगितले. एका ठिकाणी मात्र लिहिले होते : 'कोणीच नाही. मी स्वतः पाहिले.'