मोडलेलें हाड आणि झिजणारे स्नायु

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या आनंदाच्या दिवशीं मोडलेल्या हाडांचा विषय काढणें कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु ५० वर्षांपूर्वीं ज्यांनीं या मंदिराच्या पायाचे दगड डोक्यावरून वाहिले, त्यांपैकीं कांहीं वृद्ध आज घरच्या खाटेस खिळून आहेत, आणि त्यांना या मंडपांत येतां आलेलें नाहीं. त्यांच्यासाठीं मी दोन शब्द बोलणार आहें.

१५२१ सालच्या मे महिन्यांत पांप्लोना येथील लढाईंत तोफेच्या गोळ्यानें संत इग्नेशियस लोयोला यांचा पाय मोडला, हें आपणांस ठाऊक आहेच. हाड नीट बसलें नाहीं म्हणून तें पुन्हां मोडून बसविण्यांत आलें, आणि कित्येक महिने ते अंथरुणावर पडून राहिले. त्या शय्येवर त्यांच्या मनाचा पालट झाला, ही कथा आपण वारंवार ऐकतों; पण त्यांच्या पायाचें पुढें काय झालें, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. तो पाय आंखूड राहिला. तरीहि, लंगडत कां होईना, ते पुढें शेंकडों कोस पायीं हिंडले. त्या वेळीं त्यांचें वय सुमारें ३० वर्षांचें होतें. तरुण शरीर गेलेलें बळ पुष्कळसें परत मिळवूं शकतें. हाच प्रसंग ७५ व्या वर्षीं आला तर काय होतें, तें मीं माझ्याच घरीं पाहिलें आहे.

माझी मावशी न्हाणींत पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया उत्तम झाली. घरीं आणल्यावर आम्हीं भाचरांनीं तिची इतकी काळजी घेतली कीं, सहा आठवडे तिचा पाय जमिनीस लागूं दिला नाहीं. पाणी हातांत, जेवण अंथरुणांत. उठतें म्हणाली कीं, “पडून राहा, मावशी, हाड जुळूं दे,” असें आम्हीच तिला दटावीत असूं. हाड जुळलें. क्ष-किरणांच्या चित्रांत तें स्पष्ट दिसलें. परंतु तिला उभी केली तेव्हां मांडी काठीसारखी बारीक झालेली, गुडघे लटलट कांपत होते. मिस्सेला चालत जाण्याची तिची इच्छा अखेरपर्यंत पुरी झाली नाहीं. त्या वेळीं मीं वैद्यकशास्त्राचें एक पानहि उघडलें नव्हतें. तें उघडल्यावर कळलें कीं, तिचें हाड पडल्यानें मोडलें खरें, पण तिचें चालणें आमच्या मायेनें गेलें.

याचें कारण असें. स्नायूंची घडण आणि झीज शरीरांत रोज चालू असते. स्नायूंस काम मिळेनासें झालें म्हणजे घडण मंदावते; त्यांत दुखापतीचा दाह आणि मंदावलेली भूक यांची भर पडली म्हणजे झीज वाढते. उतारवयांत तर अन्न आणि व्यायाम या दोहोंनींहि स्नायु लौकर भरून येत नाहींत. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत वयस्क परंतु निरोगी माणसांस केवळ १० दिवस अंथरुणावर ठेविलें, तों त्यांच्या पायांतील सुमारें १ किलो मांस कमी झालें. आणि त्यांचें हाड मोडलेलें नव्हतें! खुबा मोडलेल्या वृद्धांपैकीं सुमारें निम्म्यांनाच पूर्वीसारखें चालतां येतें, यांत मग नवल तें काय?

हें ज्ञान अगदींच नवें नाहीं. १९४७ सालींच रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरांनीं अंथरुणांत पडून राहण्याच्या धोक्यांविषयीं लेख लिहिला होता. ब्रिटनमध्यें २०११ सालीं ठरविलेल्या नियमांनुसार खुबा मोडलेल्या रोग्याची शस्त्रक्रिया दाखल झाल्याच्या दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं व्हावी, आणि कांहीं विशेष अडचण नसल्यास शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशीं त्यास उठवावें.

तेव्हां आपण काय करावें? पहिली गोष्ट, पायावर किती भार द्यावयाचा, हें शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावें. प्रत्येक हाडाची गोष्ट निराळी असते. मात्र हा प्रश्न रुग्णालय सोडण्यापूर्वींच विचारावा, सहा आठवड्यांनीं नव्हे. दुसरी गोष्ट, त्यांच्या संमतीनें अंथरुणांतच पावलें वरखालीं हलवावीं. गुडघा गादीवर दाबून मांडी आवळावी, पांच अंक मोजावे आणि सैल सोडावी. असें दिवसांतून अनेक वेळां करावें. मग खुर्चींत बसणें, मग वॉकर धरून उभें राहणें, मग चार पावलें.

तिसरी गोष्ट आहाराची. आजारी माणसास पेज आणि चहा देण्याची आपली जुनी चाल आहे. पेजेनें पोट भरतें, पण तिच्यांत प्रथिनें अत्यल्प असतात. अशा दुखापतींत वृद्धास वजनाच्या दर किलोमागें रोज सुमारें १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनें लागतात, म्हणजे ५० किलो वजनाच्या आजीस ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यांत तीं सुमारें ६ ग्रॅम असतात. म्हणून अंडीं, मासळी, दूध, डाळी व उसळी प्रत्येक जेवणांत असाव्या. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांस विचारून ठरवावें.

हें सर्व करतांना वृद्ध माणूस कण्हेल, रागावेल, कदाचित् रडेलहि. पुन्हां पडण्याची भीति त्याच्या मनांत खोल बसलेली असते. अशा वेळीं दुखणें कमी होण्याचें औषध वेळेवर द्यावें, जवळ उभें राहावें, घाई करूं नये. पण दया येऊन त्यास पुन्हां निजवूंहि नये.

आजाऱ्यांच्या भेटीस जाण्याची आपल्या धर्मग्रामाची प्रथा स्तुत्य आहे. माझी विनंति एवढीच कीं, यापुढें फळांची पिशवी उशाशीं ठेवून आणि हळहळ व्यक्त करून परत फिरूं नका. घरच्यांना विचारा, “डॉक्टरांनीं चालावयास सांगितलें आहे काय?” सांगितलें असेल, तर त्यांच्याबरोबर ओसरीपर्यंत दहा पावलें चाला, उद्यां अकरा होतील. माझ्या मावशीला अशीं दहा पावलें कोणीं चालविलीं नाहींत, आणि त्या न चालविणाऱ्यांत मीहि होतों.